ओपन कॅमेरा : मकबऱ्याचा पांढरा, वेरूळचा काळा आणि कपाशीचं पान

बीबी का मकबऱ्याच्या मोठ्या दरवाज्याच्या कमानीत उभं राहून समोरचा घुमट टिपायचा, हा छत्रपती संभाजीनगरला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा ठरलेला फोटो. तो फसतोही ठरल्यासारखाच. अर्धी चौकट कमानीच्या अंधारानं भरलेली असते. फोन तो अंधार उजळवायला जातो आणि मधोमधचा मकबरा चुना फासल्यासारखा पांढराफटक होऊन बसतो. मिनारांवरचं काम जातं, घुमटाची कड आभाळात विरघळते. तासाभराने वेरूळला गेलं की उलटा प्रकार. तिथला बेसाल्ट काळा, पण फोटोत तो धुतलेल्या फरशीसारखा करडा येतो आणि त्यावरचं आभाळ कोरं.

दोन्हींचं कारण एकच. फोनचा प्रकाशमापक समोर जे असेल त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणून ठेवतो. पांढरं काय आणि काळं काय, हे त्याला कळत नाही. नव्या फोनांतली हुशार प्रक्रिया ही चूक बरीच सावरते, मधल्या किमतीच्या आणि जुन्या फोनांत ती उघडी पडते. अशा फोनवाल्यांसाठी ‘ओपन कॅमेरा’ हे अॅप कितपत उपयोगी आहे, ते इथे पाहू.

मार्क हार्मन यांनी बनवलेलं हे अॅप २०१३ पासून आहे. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे आणि आत जाहिराती नाहीत. फक्त अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवाल्यांनी इथेच थांबलेलं बरं. पहिल्यांदा उघडल्यावर ते जुनाट वाटतं. बारीक चिन्हं कडेला रांगेत, काही आडवी, काही उभी. कंपनीच्या कॅमेऱ्याचा गुळगुळीतपणा औषधालाही नाही. मे महिन्याच्या उन्हात ही चिन्हं दिसत नाहीत म्हणून वैतागही येतो. स्क्रीनचा उजेड आधीच पूर्ण करून ठेवावा.

बसवल्या बसवल्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा एपीआय’ हा पर्याय शोधा. तिथे ‘ओरिजिनल’ निवडलेलं असेल तर ‘कॅमेरा २ एपीआय’ करा. हे न करता अॅप वापरून ‘यात तर काहीच नाही’ म्हणत काढून टाकणारे खूप आहेत. हाताने शटर ठरवणं, रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल), झेब्रा पट्टे, फोकस पीकिंग, हे सगळं या एका बदलावर अवलंबून आहे. बदल केल्यावरही काही पर्याय दिसले नाहीत तर दोष अॅपचा नाही. फोन बनवणाऱ्यानेच बाहेरच्या अॅपला तेवढी मोकळीक दिलेली नसते आणि त्यावर इलाज नाही. त्याच भेटीत जेपीईजीचा दर्जा मूळच्या ९० वरून ९५ करून घ्या. फाइल थोडी फुगते, पण पुढे फोटो कापायचा किंवा उजळवायचा असेल तर फायदा होतो.

आता मकबरा. झेब्रा पट्टे सुरू करा. फोटोत जिथे तपशील जळणार तिथे स्क्रीनवर तिरके काळे-पांढरे पट्टे सरकू लागतात. टक्केवारी ९५ च्या आसपास ठेवली की पट्टे दिसताक्षणी हात मागे घ्यायला थोडी जागा उरते. कमानीतून पाहिल्यावर घुमटभर पट्टे दिसतील. घुमटावर बोट टेकवा, फोकस आणि मोजमाप दोन्ही तिथे बसेल. तरी पट्टे उरले तर अधिक-उण्याच्या चिन्हावर दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ ते उणे १ पर्यंत आणा. पट्टे मिनाराच्या टोकावरच्या एखाद्या चकाकत्या ठिपक्यापुरते राहिले की थांबा, तेवढं जळू द्यावं. मग एक्स्पोजरचं कुलूप लावा आणि नंतर चौकट हवी तशी जुळवा. कुलूप विसरलात तर फोन जरा हलला की मोजमाप पुन्हा अंधारावर जातं आणि पहिले पाढे पंचावन्न. कुलपाचं चिन्ह दिसत नसेल तर तेही सेटिंग्जमधून स्क्रीनवर आणता येतं.

कमान यात काळी पडेल. पडू दे, ती चौकटच आहे.

बागेत पुढे गेल्यावर मकबऱ्याने निम्मी-अधिक चौकट भरली की उलटं करायचं. आता फोन पांढऱ्याला करडं करणार, म्हणून अधिक ०.३ ते ०.७. पट्टे येईपर्यंत वाढवायचं, आले की एक पायरी मागे. दरवाजा दक्षिणेला असल्यामुळे दरवाज्याकडून पाहताना सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि संध्याकाळचं डावीकडून. भर दुपारी वरून पडलेल्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं, त्याला कुठलंच अॅप काही करू शकत नाही. समोरच्या हौदात पाणी असेल तर फोन उलटा धरून लेन्स पाण्याच्या दोन-तीन इंच वर न्यायची. तेव्हा शटरचं बटण बोटाने दाबू नका, फोन हलतो. आवाजाच्या बटणांना शटरचं काम या अॅपमध्ये देता येतं, किंवा २ सेकंदांचा टायमर लावा.

वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, अडचण जरा गुंतागुंतीची आहे. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. सकाळी अंगणात गर्द सावली आणि वर लख्ख आभाळ. एका फोटोत दोन्ही बसत नाहीत. इथे ‘एचडीआर’ मोड कामी येतो. अॅप कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे तीन फोटो घेऊन ते एकत्र करतं. भिंती आणि खांब स्थिर असल्याने जुळणी चांगली होते, पण अंगणातून माणसं चालत असली की त्यांची भुतं उमटतात, एका माणसाचे अडीच पाय दिसतात. गर्दी असेल तर एचडीआर सोडा आणि ‘डीआरओ’ घ्या. त्यात एकाच फोटोतल्या सावल्या उचलल्या जातात. परिणाम सौम्य असतो, पण भूत नसतं. आणि बेसाल्ट काळाच दिसायला हवा, म्हणून सावलीतल्या दगडाने चौकट भरली असेल तेव्हा एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७ करायला विसरू नका. करड्या रंगाचं कैलास हा समाजमाध्यमांवरचा रोगच झाला आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, हे जाता जाता.

अजिंठ्याला कसोटी वेगळी. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, दीड हजार वर्षांच्या रंगांवर रोज हजारो दिवे चमकवायचे नसतात. तिपाई परवानगीशिवाय चालत नाही. उजेड मंद आणि पिवळट. आत शिरण्याआधीच अॅपमध्ये फ्लॅश बंद आहे की नाही ते तपासा, कारण ‘ऑटो’वर राहिलेला फ्लॅश अंधारात हमखास उडतो. फोकसला मदत करणारा टॉर्चही बंद ठेवा.

मग दोन मार्ग. पहिला म्हणजे ‘एनआर’ मोड. यात अॅप भराभर बरेच फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतं. खसखशीसारखा दिसणारा दाणा प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतो, चित्र मात्र तिथेच असतं, म्हणून सरासरीत दाणा विरतो. दुसरा मार्ग हाताचा : आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ८०० ते १६००, शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/१५ ते १/३० सेकंद. १/१५ ला हात धरवत नाही म्हणणाऱ्यांनी दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास अर्धा सोडून, पाच-सहा फोटो ओळीने घ्यावेत. त्यांतला एखादा तरी ठणठणीत येतो. भिंतींना किंवा खांबांना टेकायचं मात्र नाही, तिथेही रंग आहेत. पिवळटपणा घालवायला व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची ऊब-थंडी ठरवणारी सोय, हाताने ३००० ते ३५०० केल्व्हिनच्या आसपास आणून पाहा. पूर्ण पांढरा करू नका, मग १ नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीची कांती निळसर, आजाऱ्यासारखी होते. थोडी ऊब राहू द्यावी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर अशा अंधारात गेल्या तीन-चार वर्षांतल्या चांगल्या फोनचा स्वतःचा ‘नाइट’ मोड ओपन कॅमेऱ्याच्या एनआरला मागे टाकतो. फोन बनवणाऱ्याला सेन्सरची नस न् नस माहीत असते, बाहेरच्या अॅपला नसते. तेव्हा आधी दोन्हींनी एकेक फोटो घेऊन पाहा आणि जे बरं येईल ते वापरा. इथे अॅपची निष्ठा पाळण्यात अर्थ नाही.

एलईडी दिव्यांखालच्या पट्ट्यांची तक्रार मात्र या अॅपने चुटकीसरशी सुटते. लग्नाचं मंगल कार्यालय, पैठणीचं दुकान, गणपतीचा मंडप, सगळीकडे फोटोत आडव्या काळसर लाटा दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१००० असेल तर सेन्सरच्या वरच्या ओळी तेज उजेडात आणि खालच्या मंद उजेडात वाचल्या जातात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की प्रत्येक ओळीला पूर्ण फेरी मिळते आणि लाटा जातात. यात एक कुरकुर आहे. शटरची पट्टी आयएसओ हाताने निवडल्यावरच उघडते. शटर मी धरतो, आयएसओ तू सांभाळ, असं या अॅपला सांगता येत नाही. माणूस दिव्याखालून सावलीत गेला की आयएसओ पुन्हा हाताने बदला. धावपळीच्या लग्नात हे नको होतं. पैठणीच्या जरीसाठी आणखी एक : दिवा समोरून नव्हे, बाजूने हवा, आणि झेब्रा पट्टे जरीवर आले तर एक्स्पोजर कमी करायचं.

या परिसरात अॅपचा सगळ्यात मोठा उपयोग शेतात आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या पानाचा फोटो काढून कृषी सल्लागाराला किंवा औषधाच्या दुकानदाराला पाठवणं आता रोजचं झालं आहे. त्यातले अर्धे फोटो बघून कुणालाच काही सांगता येत नाही. फोकस मागच्या ढेकळावर, पान हललेलं, रंग भलताच.

रंगापासून सुरू करू. हिरव्याने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स घाबरतो आणि त्यात गुलाबी ओततो. मग सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाचे ठळक पिवळे डाग फिकट तपकिरी दिसतात, आणि तुडतुड्यांनी लाल पडलेली कपाशीच्या पानाची कड आहे त्याहून भडक दिसते. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर किंवा सुमारे ५५०० केल्व्हिनवर बांधून ठेवा. पानाशेजारी वहीचा कोरा कागद ठेवला तर बघणाऱ्याला रंगाचा हिशेब लागतो. पानावर थेट ऊन नको, स्वतःच्या अंगाची सावली पाडा. रंगीत छत्री किंवा निळी ताडपत्री यांची सावली नको, तिचा रंग पानात उतरतो.

फोकससाठी ऑटो सोडा. बहुतेक फोनांची मुख्य लेन्स ८ ते १० सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणून पान नाकाला लावल्यासारखा फोन टेकवणाऱ्यांच्या हाती फक्त धूसर हिरवळ लागते. फोकस ‘मॅन्युअल’ करा, पट्टी अगदी जवळच्या टोकाला न्या आणि फोकस पीकिंग सुरू करा. जिथे फोकस बसतो तिथल्या कडांवर रंगीत रेघा उमटतात. आता पट्टीला हात न लावता फोनच सावकाश पुढे-मागे करा. रेघा किडीवर आल्या की बटण दाबा. वाऱ्याचा प्रश्न शटरने सुटतो. मोकळ्या सावलीतसुद्धा आयएसओ १०० ला १/५०० सहज मिळतं. तरी पान हलत असेल तर देठ डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा आणि फोनचा खालचा कोपरा त्याच हाताच्या मनगटाला टेकवा. मग पान आणि फोन एकत्रच हलतात.

किती बारीक दिसेल याचा अंदाज आधीच असावा. १० सेंटीमीटरवरून फोनची मुख्य लेन्स साधारण १४ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा टिपते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ती रुंदी ४००० ठिपक्यांची असते. पांढरी माशी जेमतेम १ मिलिमीटरची, म्हणजे तिच्या वाट्याला तीसेक ठिपके येतात. माशी आहे एवढं कळतं, बाकी काही नाही. फुलकिड्यांचीही तीच गत, त्यांच्यापेक्षा पानाच्या खालच्या बाजूची चंदेरी झाक टिपणं जास्त कामाचं. उलट गुलाबी बोंडअळी मोठी झाल्यावर सेंटीमीटरभर लांब असते, ती साध्या फोनने छान येते. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेली कळी, दिसली की तिचा बंद फुलासकट एक फोटो घ्या, मग पाकळ्या उघडून आतल्या अळीचा दुसरा. बोंड असेल तर ते उभं चिरून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. २०११ च्या मालिकेतलं नाणं सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे, २०१९ च्या मालिकेतलं २० मिलिमीटर, बघणाऱ्याला माप मिळतं. त्याआधी एक फोटो अख्ख्या झाडाचा आणि एक पानाच्या दोन्ही बाजूंचा घ्या. नुसता अळीचा फोटो पाहून ती किती पसरली आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

काहीशे रुपयांत मिळणारी क्लिपची मॅक्रो लेन्स घेतली तर अडीच-तीन सेंटीमीटरचाच पट्टा चौकटीत येतो, म्हणजे त्याच माशीला दीडशेच्या घरात ठिपके मिळतात. ही लेन्स मुख्य कॅमेऱ्यावरच नीट मधोमध बसवायची; कोपरे काळे आले तर ती सरकलेली आहे. फोनवर ‘२ मेगापिक्सेल मॅक्रो’ म्हणून वेगळा कॅमेरा असेल तर त्याच्या नादी लागू नका. मुख्य कॅमेऱ्याने १० सेंटीमीटरवरून घेऊन कापलेला फोटो त्यापेक्षा बरा येतो.

शेतातल्या नोंदींसाठी ‘फोटो स्टॅम्प’ ही सोय नामी आहे. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि तुम्ही लिहिलेला मजकूर, जसं ‘कापूस, विहिरीजवळचा तुकडा’, फोटोच्या कोपऱ्यात छापला जातो. दर आठवड्याला त्याच जागेवरून एक फोटो घेतला की हंगामाचा हिशेब आपोआप तयार होतो. पण छापलेलं पुसता येत नाही, म्हणून घरगुती फोटोंच्या आधी ते बंद करा. जागेची नोंदही आपण सुरू केल्याशिवाय होत नाही. घरातले फोटो बाहेर पाठवायचे असतील तर ती बंद असलेलीच बरी. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो चेपला जातो आणि वर कमावलेले तीस ठिपके दहावर येतात.

आता जे जमत नाही ते. पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर आणि मादी धबधबे कोसळतात, आणि ते पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून लोक शटर १/४ सेकंदावर नेऊन पाहतात. फोटो कोऱ्या कागदासारखा पांढरा येतो. फोनच्या लेन्सचं तोंड लहान करता येत नाही, ते एफ १.८ च्या आसपास बांधलेलंच असतं. ढगाळ हवेत आयएसओ ५० ला योग्य शटर १/५०० च्या आसपास बसतं. १/४ ठेवलं तर सव्वाशेपट जास्त प्रकाश आत येतो. लेन्सवर एनडी काच (प्रकाश अडवणारी गडद काच) लावल्याशिवाय सुटका नाही. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात बरेच फोटो मिसळून वाहतं पाणी मऊ करणारा मोड असतो, तिथे तोच वापरा. चेहऱ्यामागची धूसर पार्श्वभूमी हवी असेल तरी कंपनीचाच कॅमेरा. अनेक फोनांवर या अॅपला वाइड किंवा झूमची लेन्स हाती लागत नाही, फक्त मुख्य लेन्स मिळते. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा सेन्सरही बऱ्याच फोनांत बाहेरच्या अॅपला १२ चाच होऊन दिसतो. साध्या, समान उजेडात याचे फोटो कंपनीच्या कॅमेऱ्यापेक्षा थोडे मऊ आणि दाणेदार येतात. ‘ऑटो लेव्हल’ हा क्षितिज सरळ करणारा पर्याय ऐकायला गोड, पण तो फोटो फिरवून कडा कापतो. त्यापेक्षा स्क्रीनवर ग्रिड आणि कोनाची रेघ लावून हातच सरळ धरावा.

रॉ फाइल हवीच असेल तर ‘स्टँडर्ड आणि रॉ’ निवडा. दोन फाइली पडतात आणि एकेक रॉ जेपीईजीच्या कितीतरी पट मोठी असते. नंतर बसून रंग-प्रकाश सुधारण्याची सवय नसेल तर नुसती जागा अडते.

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. ४० अंशांच्या वर फोन तापला की तो आपण होऊन स्क्रीन मंद करतो, टॉर्च बंद पाडतो, शेवटी कॅमेराही बंद करतो. त्यात एनआर आणि एचडीआर लागोपाठ चालवले तर हे लवकर होतं. दोन फोटोंच्या मध्ये अॅप बंद करून फोन सावलीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. आणि काळ्या मातीची धूळ लेन्सवर बसली असेल तर आधी फुंकर, मग मऊ सुती कापड. उपरण्याच्या टोकाने थेट घासलं की बारीक खडे काचेवर ओरखडे पाडतात, मग दिव्यांभोवती कायमची धूसर वलयं.

फोटो ‘डीसीआयएम’मधल्या ‘ओपनकॅमेरा’ नावाच्या फोल्डरात जातात, त्यामुळे गॅलरीत ते वेगळ्या कप्प्यात दिसतात आणि हरवले असं वाटतं. अॅप काढलं तरी ते राहतात. सेटिंग्ज मात्र जातात, म्हणून सगळं मनासारखं बसवल्यावर ‘सेटिंग्ज मॅनेजर’मधून एक प्रत साठवा आणि ती फाइल फोनबाहेरही ठेवा, फोन बदलला तर तेवढं पुन्हा करावं लागणार नाही.